साखरखेर्ड्याची लढाई

दख्खनच्या सहा सुभ्यांच्या स्वामित्वासाठी मोगल बादशहा मुहम्मदशाह (कार. १७१९–४८) याने नेमलेला सुभेदार मुबारिझखान आणि त्याच बादशहाचा माजी वजीर निजामुल्मुल्क यांच्यात झालेली निर्णायक लढाई. बुलढाणा जिल्ह्यातील (महाराष्ट्र राज्य) साखरखेर्डा या गावाच्या परिसरात ती ११ ऑक्टोबर १७२४ रोजी झाली. जुन्या यूरोपीय कालगणनेप्रमाणे हीच तारीख ३० सप्टेंबर येते व काही ग्रंथांत ती तशी दिलेली आढळते. गावाचे नाव जुन्या लेखनात शकरखेर्डा, शकरखेडले, साखरखेडले अशा विविध रूपांत येते. या लढाईत मुबारिझखान मारला गेला आणि दख्खन प्रांत दिल्लीच्या प्रत्यक्ष सत्तेतून कायमचा निसटला. हैदराबादच्या आसफजाही राज्याचा प्रारंभ इतिहासकार सामान्यतः या लढाईपासून मानतात.

भौगोलिक स्थान : वऱ्हाडचे पायनघाट व बालाघाट असे दोन नैसर्गिक विभाग पडतात. पायनघाट म्हणजे तापीच्या खोऱ्यातील पूर्णा नदीचा सखल, सुपीक प्रदेश. तर बालाघाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेकडील पठार. बुलढाण्याजवळील देऊळघाटापासून चिखली, मेहकर व सिंदखेडपर्यंतचा मुलूख या पठारावर मोडतो. साखरखेर्डा याच पठारावर, उत्तरेस पैनगंगा आणि दक्षिणेस गोदावरीस मिळणारी दुसरी पूर्णा (खडकपूर्णा) या नद्यांच्या दरम्यान वसले आहे. सांप्रत ते सिंदखेडराजा तालुक्यात येते. काळी जमीन, पावसाळ्यात भरून वाहणारे नाले व मधूनमधून उंचवटे असे या प्रदेशाचे स्वरूप आहे. औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) हे दख्खनच्या सुभेदाराचे मुख्य ठाणे होते. त्याच्या पूर्वेस असलेल्या या पठारावरून औरंगाबादकडे उतरता येत असे. म्हणूनच मुबारिझखानाच्या हालचालीत या भागास महत्त्व आले.

पार्श्वभूमी : औरंगजेबाच्या मृत्यूनंतर (१७०७) दिल्लीच्या तख्तावर अल्पावधीत अनेक बादशहा आले व गेले. दरबारात इराणी, तुराणी व हिंदुस्थानी अमिरांचे गट पडले. फर्रुखसियर (कार. १७१३–१९) व त्यानंतरचे काही बादशहा सय्यद बंधूंच्या, म्हणजे अब्दुल्ला व हुसेन अली यांच्या, तंत्राने चालत होते. खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर व हैदराबाद हे दख्खनचे सहा सुभे एका सुभेदाराच्या हाताखाली होते. एवढ्या विस्तीर्ण मुलखाचे उत्पन्न व फौज ज्याच्या हाती असेल, तो दरबारातील कोणत्याही गटास भारी ठरे. त्यामुळे या पदावरून वारंवार संघर्ष उद्‌भवले.

निजामुल्मुल्काचे मूळ नाव मीर कमरुद्दीन (१६७१–१७४८). त्याचा आजा आबिदखान औरंगजेबाच्या पदरी असताना गोवळकोंड्याच्या वेढ्यात (१६८७) कामास आला. पिता गाजीउद्दीन फिरोझजंग हा औरंगजेबाच्या अखेरच्या काळात वऱ्हाडचा सुभेदार होता. कमरुद्दीन स्वतः चिनकिलीचखान या किताबाने औरंगजेबाच्या दख्खनमधील मोहिमांत वावरला. मोगलांची युद्धपद्धती, महसुलाची व्यवस्था व दरबारी रीतिरिवाज यांत तो लहानपणापासून मुरलेला होता. फर्रुखसियरने त्यास निजामुल्मुल्क हा किताब देऊन १७१३ मध्ये दख्खनचा सुभेदार नेमले. मात्र १७१५ मध्ये ते पद हुसेन अलीकडे गेले.

सय्यद बंधूंशी बिनसल्यावर १७२० मध्ये निजामुल्मुल्क माळव्यातून नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरला. खांडव्याच्या बाजूस दिलावर अलीखान व वऱ्हाडातील बाळापूर येथे आलम अलीखान या सय्यदांच्या सेनापतींचा त्याने लागोपाठ पराभव केला. दोघेही रणांगणावर मारले गेले. बाळापूरच्या लढाईत मराठ्यांचे पथक आलम अलीच्या बाजूस होते. त्याच वर्षी हुसेन अलीचा खून झाला, अब्दुल्ला पराभूत होऊन कैदेत पडला आणि सय्यदांचे वर्चस्व संपले. १७२२ मध्ये निजामुल्मुल्क साम्राज्याचा वजीर झाला. दरबाराची शिस्त व महसूल यांत सुधारणा करण्याचे त्याने योजले. परंतु तरुण बादशहा व त्याच्या भोवतीचे खुशमस्करे यांना ते रुचले नाही. १७२३ च्या अखेरीस प्रकृतीचे निमित्त करून त्याने दिल्ली सोडली व पुढे माळव्यातून दख्खनची वाट धरली.

मुबारिझखानाची नेमणूक : निजामुल्मुल्क दक्षिणेत स्थिरावल्यास तो पुन्हा हाती लागणार नाही, हे दरबाराने ओळखले होते. त्याच्याविरुद्ध फौज पाठविण्याची ऐपत दिल्लीकडे नव्हती. म्हणून बादशहाच्या सल्लागारांनी दख्खनमधीलच एका अधिकाऱ्यास पुढे करण्याचे ठरविले. मुबारिझखान हा १७१३ च्या सुमारापासून हैदराबादचा सुभेदार होता. आंध्रातील पुंड जमीनदारांचा बंदोबस्त करणारा व मराठ्यांच्या चौथाईच्या मागण्यांना विरोध करणारा कर्तबगार अधिकारी, असा त्याचा लौकिक होता. दरबारातील वजनदार अमीर इनायतुल्लाखान हा त्याचा सासरा. १७२० मध्ये निजामुल्मुल्काचा विजय होताच मुबारिझखान त्यास येऊन मिळाला होता व निजामाच्याच शिफारशीने त्यास बढती मिळाली होती. १७२४ मध्ये सहाही सुभ्यांच्या सुभेदारीचे फर्मान त्याच्या नावे निघाले व निजामास दख्खनमधून हुसकावून लावण्याची आज्ञा त्यास झाली.

अशा रीतीने एका बाजूस बादशाही फर्मान आणि दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष सामर्थ्य अशी स्थिती निर्माण झाली. फर्मान मिळाले त्या वेळी मुबारिझखान आंध्र किनाऱ्याकडील एका वेढ्यात गुंतला होता. तेथून मोकळा होऊन फौज जमवीपर्यंत त्याचे काही महिने गेले. कडप्पा व कर्नूळ भागांतील पठाण सरदार त्यास येऊन मिळाले. तथापि या विलंबाचा लाभ निजामास झाला. पावसाळ्याच्या प्रारंभीच त्याने औरंगाबाद गाठले, तेथील खजिना व तोफखाना ताब्यात घेतला आणि आपल्या जुन्या आश्रितांना पुन्हा एकत्र आणले.

मराठ्यांचे धोरण : १७१९ च्या सनदांनी मोगल बादशहाने शाहूस सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी दिली होती. चौथाई म्हणजे महसुलाचा चतुर्थांश व सरदेशमुखी म्हणजे दशांश. चौथाईच्या मोबदल्यात मराठ्यांनी पंधरा हजार स्वारांनिशी दख्खनच्या सुभेदाराची चाकरी करावी, अशी अट होती. मात्र सुभेदार नेमका कोण, हाच प्रश्न आता उपस्थित झाला. मुबारिझखानाने हैदराबाद सुभ्यात मराठ्यांच्या हक्कांस सतत अडथळा केला होता. उलट निजामुल्मुल्क तडजोडीची भाषा बोलत होता. पेशवा पहिला बाजीराव (कार. १७२०–४०) व निजाम यांच्या त्यापूर्वी दोन भेटी झाल्या होत्या. तिसरी भेट मे १७२४ मध्ये माळव्यात धारजवळ नालछा येथे झाली. मराठ्यांनी निजामाची बाजू घेतली व बाजीराव आपल्या पथकासह त्याच्या साहाय्यास गेला. याशिवाय चंद्रसेन जाधव, रावरंभा निंबाळकर यांसारखे शाहूपासून दुरावलेले मराठे सरदार पूर्वीपासूनच निजामाच्या पदरी होते. प्रत्यक्ष युद्धातील बाजीरावाच्या कामगिरीचे महत्त्व किती, याविषयी फार्सी व मराठी साधनांचा सूर एकसारखा नाही. फार्सी बखरकार तोफखान्यास श्रेय देतात, तर मराठी परंपरा पेशव्याच्या साहाय्यास.

प्रत्यक्ष लढाई : दोन्ही पक्षांत आधी बराच पत्रव्यवहार झाला. मुसलमानांचे रक्त व्यर्थ सांडू नये, असे निजामाने मुबारिझखानास लिहिले आणि आपली बाजू बादशहासही कळविली. या पत्रांमुळे त्यास तयारीला आणखी अवधी मिळाला. मुबारिझखान हैदराबादेहून उत्तरेकडे निघाला. निजामाच्या मुख्य फौजेशी समोरासमोर न भिडता वळसा घालून औरंगाबाद गाठावे, असा त्याचा बेत होता. शहर हाती आले असते, तर सुभेदारीच्या फर्मानास अर्थ प्राप्त झाला असता व निजामाचा पाठिंबा गळून पडला असता. त्यासाठी पूर्णा ओलांडून तो बालाघाटच्या पठारावर आला. परंतु निजामाच्या फौजेने त्याचा माग सोडला नाही. मराठ्यांच्या हलक्या स्वारांनी त्याच्या छावणीची रसद व दाणावैरण तोडली. वाटचालीने थकलेले व अन्नधान्यास तुटलेले सैन्य घेऊन त्यास साखरखेर्ड्याजवळ लढाईस उभे राहावे लागले.

लढाई एका दिवसात संपली. मोगल युद्धपद्धतीप्रमाणे दोन्हीकडे आघाडी, उजवी व डावी बगल आणि मध्य अशी रचना असून सेनापती हत्तीवर आरूढ होते. निजामाचा तोफखाना संख्येने व व्यवस्थेने सरस होता. मुबारिझखानाच्या पठाण स्वारांनी निकराचे हल्ले केले. तथापि तोफांच्या माऱ्यात त्यांची दाणादाण उडाली. एकेक नामांकित सरदार पडू लागला. अखेरीस मुबारिझखान स्वतः मारला गेला व त्याचे दोन मुलगे ठार झाले. सेनापती पडला की फौज मोडावयाची, हा त्या काळच्या लढायांचा नियम येथेही खरा ठरला. निजामाने या विजयाची आठवण म्हणून गावास फत्तेखेर्डा असे नाव दिले. ते सरकारी दफ्तरांत पुढे दीर्घकाळ वापरात राहिले. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डा हेच नाव टिकले.

तात्कालिक परिणाम : निजामाने मुबारिझखानाचे शिर दिल्लीस पाठविले आणि एका बंडखोराचे पारिपत्य केल्याबद्दल बादशहाचे अभिनंदन केले. ज्यास बादशहाने फर्मान देऊन धाडले त्यासच बंडखोर ठरविणारे हे पत्र दरबारास निमूटपणे स्वीकारावे लागले. १७२५ मध्ये मुहम्मदशाहाने निजामास दख्खनची सुभेदारी कायम केली व आसफजाह हा किताब दिला. माळवा व गुजरात हे सुभे मात्र त्याच्याकडून काढून ते अनुक्रमे गिरिधर बहादूर व सरबुलंदखान यांच्याकडे सोपविण्यात आले. मुबारिझखानाचा मुलगा ख्वाजा अहमद हा गोवळकोंड्याचा किल्ला सुमारे वर्षभर धरून बसला होता. निजामाने त्याच्याशी न लढता वाटाघाटी केल्या, त्यास मानमरातब दिले व किल्ला मिळविला. पराभूतांचा सूड न घेता त्यांना पदरी बाळगण्याच्या या धोरणामुळे नव्या सत्तेस स्थैर्य आले.

निजामाने बादशहाचे नाममात्र सार्वभौमत्व कधीच झुगारले नाही. त्याच्या मुलखात खुतबा व नाणी बादशहाच्याच नावे चालत. मोगल बादशाही १८५७-५८ मध्ये संपुष्टात येईपर्यंत हैदराबादच्या नाण्यांवर मोगल बादशहाचे नाव राहिले. प्रत्यक्षात मात्र नेमणुका, जहागिरी, तह व युद्ध यांपैकी कोणत्याही बाबतीत दिल्लीची आज्ञा दख्खनमध्ये उरली नव्हती.

रोमन इतिहासातील समांतर घटना : साम्राज्याच्या सेवेत वाढलेल्या पुरुषाकडून साम्राज्याच्याच प्रांताधिपतीचा पाडाव आणि त्यामुळे प्रांत कायमचा हातचा जाणे, याचे जगाच्या इतिहासातील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे टॉइटोबुर्गच्या अरण्यातील लढाई (इ. स. ९). ऱ्हाईन नदीपलीकडील जर्मेनियाचा रोमन प्रांताधिपती व्हारस हा तीन लीजन, म्हणजे रोमन पायदळाच्या तीन मोठ्या पलटणी, व साहाय्यक पथके घेऊन हिवाळी छावणीकडे परतत होता. चेरुस्की या जर्मानिक टोळीचा नायक आर्मिनियस त्याच्या विश्वासातील होता. तो रोमन सैन्यात अधिकारी राहिलेला असून त्यास रोमचे नागरिकत्व व सरदारी दर्जाही मिळाला होता. त्याच्या सासऱ्याने, सेगेस्टीझने, व्हारसला सावध केले होते. पण व्हारसने तिकडे दुर्लक्ष केले. अरुंद, दलदलीच्या अरण्यवाटेत रोमन सैन्याची रांग लांबली असता टोळ्यांनी तिच्यावर हल्ले चढविले. सतरा, अठरा व एकोणीस क्रमांकांच्या तिन्ही पलटणी नष्ट झाल्या व व्हारसने आत्महत्या केली. १९८७ नंतर जर्मनीतील कालक्रीझ येथे सापडलेली नाणी, शस्त्रे व अस्थी यांवरून ही रणभूमी तेथे असावी, असे बहुतेक विद्वान मानतात.

या लढाईनंतरही व्हारसचे शिर एका सत्ताधीशाकडून दुसऱ्याकडे गेले. आर्मिनियसने ते मार्कोमानी टोळीचा राजा मारोबोडूअस याच्याकडे धाडले. आपल्या बाजूने त्याने उठावात सामील व्हावे, हा त्यामागील हेतू होता. मारोबोडूअसने मात्र ते सम्राट ऑगस्टसकडे पाठवून दिले व ऑगस्टसने त्याचे सन्मानाने दफन करविले. निजामाने शिर पाठविण्यामागे बादशहाची क्षमा व मान्यता मिळविण्याचा हेतू होता. आर्मिनियसने बंडाचे आवाहन म्हणून ते पाठविले.

पराभवानंतर दोन्ही साम्राज्यांनी काय केले, यातील फरक अधिक महत्त्वाचा आहे. रोमकडे दुसरी फौज होती. जर्मॅनिकस याने १४ ते १६ या वर्षांत ऱ्हाईनपलीकडे मोठ्या मोहिमा केल्या आणि गमावलेल्या तीन गरुडध्वजांपैकी दोन परत मिळविले. तरीही सम्राट टायबीरिअसने खर्च व लाभ यांचा विचार करून त्यास परत बोलाविले. ऱ्हाईन ही साम्राज्याची सीमा ठरली, ती रोमच्या निर्णयाने. दिल्लीकडे दुसरी फौजच नव्हती. म्हणून तिने सीमा मागे घेण्याचा निर्णय जाहीर न करता विजेत्यास किताब दिला व प्रांत आपलाच असल्याचा देखावा राखला. पुढे आर्मिनियस आपल्याच नातलगांकडून इ. स. २१ च्या सुमारास मारला गेला व त्याने जमविलेली टोळ्यांची एकजूट विस्कटली. तो प्रांत मुक्त करू शकला, राज्य उभारू शकला नाही. निजामाने मात्र मोगलांची महसूलव्यवस्था, दफ्तरे व अधिकारीवर्ग जसाच्या तसा हाती घेतला. त्यामुळे त्याचे घराणे १९४८ पर्यंत, म्हणजे सु. सव्वादोनशे वर्षे, टिकले.

दूरगामी परिणाम : मराठ्यांच्या दृष्टीने साखरखेर्ड्याचा विजय संमिश्र फलदायी ठरला. चौथाईस विरोध करणारा एक सुभेदार नाहीसा झाला. पण त्याच्या जागी दिल्लीस न जुमानणारा व दख्खनमध्येच मुळे रोवलेला प्रतिस्पर्धी आला. निजामाने लवकरच शाहू व कोल्हापूरचा संभाजी यांच्या वादाचा फायदा घेऊन चौथाई देण्याचे थांबविले. तेव्हा बाजीरावाने पालखेड येथे त्याची कोंडी केली (१७२८) व मुंगी-शेवगावच्या तहाने मराठ्यांचे हक्क मान्य करविले. पालखेडला बाजीरावाने वापरलेले तंत्र म्हणजे शत्रूस त्याच्या तोफखान्यापासून व रसदेपासून दूर खेचणे. साखरखेर्ड्याच्या मोहिमेत मुबारिझखानाच्या रसदतुटीचे परिणाम त्याने पाहिलेले होते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे भोपाळ (१७३७), उदगीर (१७६०), राक्षसभुवन (१७६३) व खर्डा (१७९५) येथे मराठे व निजाम पुन्हापुन्हा एकमेकांसमोर उभे ठाकले. दक्षिणेतील या दोन सत्तांपैकी कोणीही दुसरीस पूर्णतः नामशेष करू शकली नाही आणि त्याचा लाभ अखेर इंग्रजांना झाला.

वऱ्हाडच्या रयतेवर या लढाईचा परिणाम वेगळ्या स्वरूपात झाला. निजामाचा अंमल असलेल्या या प्रांतात नागपूरकर भोसल्यांनीही वसुलीचा हक्क बसविला आणि एकाच गावावर दोन सरकारांचे कामाविसदार येऊ लागले. यास दुअमली असे म्हणत. सुगी हाती येताच दोन्हीकडचे तगादे सुरू होत व तक्रारीची दाद कोणाकडे मागावी हा प्रश्न उरे. ही अवस्था १८०३ च्या अडगाव व गाविलगड येथील लढायांपर्यंत चालली. त्यानंतरच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील बहुतेक वऱ्हाड निजामाकडे आला. १८५३ मध्ये निजामाने तैनाती फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला व १९०२ मध्ये तो त्यांच्याकडे कायमच्या पट्ट्याने गेला. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

मूल्यमापन : साखरखेर्ड्याची लढाई सैनिकी डावपेचांच्या दृष्टीने असामान्य नाही. सहभागी फौजांचा आकार वा मृतांची संख्या या बाबतींतही ती अठराव्या शतकातील मोठ्या लढायांत गणली जात नाही. तिचे महत्त्व राजकीय आहे. पराभव झाल्याने साम्राज्य संपतेच असे नाही. पराभवानंतर दुसरी फौज उभी करण्याची शक्ती व इच्छा त्याच्यापाशी आहे की नाही, यावर ते अवलंबून असते. १७२४ मध्ये दिल्लीपाशी ती शक्ती नसल्याचे उघड झाले आणि हे सर्व सुभेदारांच्या लक्षात आले. बंगाल व अयोध्या येथील सुभेदारही याच सुमारास बादशहाचे नाव राखून स्वतंत्रपणे कारभार करू लागले होते. मोगल साम्राज्याच्या विघटनाची ही रीत, म्हणजे नाव कायम ठेवून सत्ता काढून घेण्याची, तिचे पहिले ठळक व रणांगणावर सिद्ध झालेले उदाहरण म्हणून साखरखेर्ड्याच्या लढाईकडे पाहावे लागते.